कट, कावा आणि मसलत : शब्दांचा विवेक



दीक्षा घेतली की घरातला देव्हारा निघतो, सणवार बदलतात, लग्नाचा विधी बदलतो. पण तोंडातले जुने शब्द तसेच राहतात. सम्यक वाचा हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग आहे. तेव्हा आपण बोलतो ते शब्द पारखून घेणे हाही धम्माचरणाचाच भाग आहे. आज आपण अशाच काही शब्दांचा विचार करू. मसलत, खलबत, डाव, कावा, कारस्थान, कुभांड, फितुरी, कट हे सगळे शब्द आडून ठरवलेल्या गोष्टींचे आहेत. पण त्यांचा अर्थ एक नाही.

बौद्ध कुटुंबाच्या कानावर हे शब्द दोन बाजूंनी येतात. वस्तीतली चार माणसे रात्री समाजमंदिरात बसली की गावात बोलले जाते, "त्यांचा काहीतरी कट शिजतोय." गावचे पुढारी दार लावून बसले, तर तो मात्र 'विचारविनिमय' असतो. ही झाली बाहेरची बाजू. आतली बाजू अशी की, विहाराच्या समितीची निवड आली, एखाद्याचे नाव मागे पडले, की आपलाच माणूस आपल्याच माणसाला म्हणतो, "हे तुझे कारस्थान!" मग प्रश्न उभा राहतो : गुप्त असणे हेच पाप आहे काय? आणि नसेल, तर पाप नेमके कशात आहे?

आपल्या मराठीच्या इतिहासाकडे पाहा. 30 ऑगस्ट 1773 रोजी शनिवारवाड्यात नारायणराव पेशव्याचा खून झाला. त्यामागच्या बेताला सगळे 'कट' म्हणतात. पुढे राघोबाला गादीवरून दूर करण्यासाठी कारभारी मंडळी एकत्र आली. त्यांचेही बेत बंद दाराआडच झाले. पण त्यांना इतिहासात 'बारभाईंचे कारस्थान' म्हणतात, आणि ते म्हणताना कोणी नाक मुरडत नाही. त्या काळी कारस्थानी माणूस म्हणजे राजकारण जाणणारा माणूस. आज तोच शब्द शिवीसारखा वापरतात. 'कावा' या शब्दाचेही तसेच. 'गनिमी कावा' म्हटले की छाती फुगते, आणि 'कावेबाज' म्हटले की माणूस चिडतो. म्हणजे शब्दाला चिकटलेला दोष नेहमी कृत्यातला असतोच असे नाही. पुष्कळदा शब्द देणाऱ्याच्या हातात जोर असतो आणि दोष त्या जोरातून येतो.

कायदा काय म्हणतो? जुन्या भारतीय दंड संहितेत कटाची व्याख्या होती. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली, तीतही ती आहे. दोन किंवा अधिक माणसांनी बेकायदेशीर कृत्य करण्याचे, किंवा कायदेशीर कृत्य बेकायदेशीर मार्गाने करण्याचे, आपसात ठरवणे म्हणजे कट. या व्याख्येत 'गुप्त' ही अट नाही. दार लावून बसणे हा गुन्हा नव्हे. आत काय ठरले ते पाहायचे.

तथागतांच्या शासनातही गुप्ततेला सरसकट पाप म्हटलेले नाही. सिगालोवाद सुत्तात खऱ्या मित्राची लक्षणे सांगितली आहेत. तो आपले गुपित मित्राला सांगतो आणि मित्राचे गुपित राखतो. विनयात भिक्षुसंघाने शलाका घेऊन मत देण्याच्या पद्धती आहेत. त्यांत उघड पद्धत आहे तशी गुप्त पद्धतही आहे. आज आपण मतदान गुप्तपणे करतो, ते दुबळ्या माणसाला बलवंताच्या दडपणाखाली मत द्यावे लागू नये म्हणून. इथे गुप्तता ही दुबळ्याची ढाल आहे.

मग दोष कोठे सुरू होतो? देवदत्ताची कथा या शब्दांचा कोशच आहे. त्याने तथागतांच्या वधासाठी धनुर्धारी पाठवले. तो कट. पुढे त्याने संघासाठी पाच कडक नियमांची मागणी केली. मागणी उघड होती, वरून धार्मिकही होती. पण तथागत ती मान्य करणार नाहीत हे त्याला ठाऊक होते, आणि त्या नकाराचे भांडवल करून संघ फोडायचा होता. याला कावा म्हणावे. कावा चारचौघांत उजेडात करता येतो. लपलेला असतो तो फक्त हेतू. मगधाच्या वस्सकार ब्राह्मणाची गोष्ट अट्ठकथेत आहे. राजाने हाकलून दिल्याचे सोंग करून तो वैशालीत राहिला. तो एका लिच्छवीला बाजूला घेई आणि शेत नांगरता काय, असले क्षुल्लक काही कानात विचारी. दुसरे विचारीत, "काय म्हणाला?" पहिला खरे सांगे, पण इतक्यासाठी कोणी बाजूला नेतो काय, म्हणून कोणाचा विश्वास बसत नसे. तीन वर्षांत ते गणराज्य आतून पोखरले गेले. एकत्र जमणे, एकत्र उठणे, ही वज्जींची ताकद तथागतांनी सांगितली होती; तीच वस्सकाराने कुजबुजीने मोडली. याला म्हणतात फूट पाडणे. पाली भाषेत अशा बोलण्याला 'पिसुणा वाचा' म्हणतात, आणि धम्मात ते अकुशल कर्म आहे.

कुभांड म्हणजे काय, हे आपल्या माणसांनी महाडला अंगावर झेलले. 20 मार्च 1927 रोजी परमपूज्य बाबासाहेबांनी हजारोंसह चवदार तळ्याचे पाणी घेतले. त्यानंतर गावात अफवा उठवली गेली की अस्पृश्य आता वीरेश्वराच्या देवळात घुसणार आहेत. तसा कोणाचाही बेत नव्हता. पण त्या अफवेवर जमाव उठला आणि परिषदेला आलेल्या माणसांची डोकी फुटली. दुसऱ्याच्या नावावर खोटा कट रचणे हाच खरा कट होता.

आता कसोटी सांगतो. कोणी म्हणेल, ज्याच्याविषयी ठरवले त्याच्यापासून लपवले की ते पाप. पण मार खाणारी बाई मुलांना घेऊन माहेरी निघण्याचा बेत नवऱ्यापासून लपवते. बहिष्कारात अडकलेली वस्ती तक्रार करण्याचा बेत बहिष्कार घालणाऱ्यांपासून लपवते. हे पाप आहे काय? मुळीच नाही. त्यांच्या लपवण्याने दुसऱ्याचा कोणताही न्याय्य हक्क बुडत नाही; त्याच्या हातातली काठी तेवढी रिकामी पडते. म्हणून विचारायचे ते असे : माझ्या लपवण्याने कोणाचा न्याय्य हक्क बुडतो काय? मुळाशी लोभ, द्वेष किंवा मोह आहे काय? आणि वेळ आली तर भर सभेत, भर न्यायालयात मी हे सांगू शकेन काय? ती बाई सांगू शकेल. ती वस्ती सांगू शकेल. देवदत्त आणि वस्सकार सांगू शकत नव्हते. जे उजेडाची वाट पाहते ते गुपित किंवा मसलत. ज्याला उजेडाचे भय आहे तो कट.

कटाला उत्तर कसे द्यावे, हेही विनयात आहे. देवदत्त वैरी झाला तेव्हा संघाने त्याच्याविरुद्ध दुसरा कट केला नाही. राजगृहात जाहीर केले की, यापुढे देवदत्त जे करील ते त्याचे स्वतःचे. बुद्ध, धम्म आणि संघ यांचे नव्हे. याला 'प्रकाशनीय कर्म' म्हणतात. बाबासाहेबांनी याच वाटेने जाऊन दाखवले. महाडच्या हल्ल्यानंतर त्यांनी चिडलेल्या आपल्या माणसांना आवरले. तळ्याचा वाद न्यायालयात लढवला गेला आणि 17 मार्च 1937 रोजी मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आपल्या बाजूने लागला. धर्म सोडण्याची घोषणा त्यांनी 13 ऑक्टोबर 1935 रोजी येवल्याला भर परिषदेत केली आणि दीक्षा 14 ऑक्टोबर 1956 रोजी, तारीख आणि ठिकाण आधी जाहीर करून, नागपूरला घेतली. एकवीस वर्षे आधी जगाला सांगून केलेल्या धर्मांतराला कट कसे म्हणता येईल? 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथातही त्यांचा सिद्धार्थ मध्यरात्री चोरपावलांनी निघून जात नाही; आईबापांना आणि यशोधरेला सांगून, सर्वांच्या देखत परिव्रज्या घेतो.

आता आपल्या घरात पाहू. उपक्लेशांच्या यादीत तथागतांनी 'माया' आणि 'साठेय्य' असे दोन मळ सांगितले आहेत. आपला दोष झाकणे ती माया. नसलेला गुण दाखवणे ते साठेय्य. दीक्षा घेतली, बावीस प्रतिज्ञा म्हटल्या आणि जुने टाक फडक्यात गुंडाळून माळ्यावर ठेवले, तर ते या दोन्हींत बसते. पण घरातल्या आजीला भीती वाटत असेल, तर तिला दटावू नका. तिला भीती बोलून दाखवू द्या, आणि सर्वांनी बसून तिची समजूत काढा. दटावलेली भीती माळ्यावर जाऊन बसते. बोललेली भीती हळूहळू जाते.

आणि विहाराच्या समितीत कोणाचे म्हणणे पटले नाही, तर 'कारस्थान' हा शब्द उच्चारण्यापूर्वी त्या माणसाला सभेत विचारा, "बाबा, तुझा हेतू काय?" हिशेबाची वही सर्वांपुढे उघडी ठेवा. आजारी कुटुंबाला केलेली मदत मात्र गुप्त ठेवा. त्यात त्यांची अब्रू आहे. कोणते झाकावे आणि कोणते उघडे ठेवावे, एवढे ज्याला कळले त्याला बाहेरचा कोणीही वस्सकार फोडू शकणार नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!