पाणक्या कोणी व्हायचं?

फ्रान्सचा फुटबॉलपटू एरिक कॅन्टोना याने १९९६ च्या सुमारास राष्ट्रीय संघातल्या आपल्या जुन्या सहकाऱ्याला, दिदिए देशाँला, ‘पाणक्या’ म्हणून हिणवलं होतं. म्हणजे हा प्रतिस्पर्ध्याकडून चेंडू काढून घेणार आणि नेऊन देणार प्रतिभावंतांच्या पायाशी. टोमणा बोचरा होता, पण वर्णन चुकीचं नव्हतं. १९९८ च्या विश्वचषकाच्या अंतिम सामन्यात ब्राझीलविरुद्ध दोन गोल झिदानने केले आणि लोकांच्या लक्षात राहिला तोच. चषक उचलणारा कर्णधार मात्र देशाँ होता. पुढे २०१८ मध्ये प्रशिक्षक म्हणूनही त्याने विश्वचषक जिंकला. खेळाडू आणि प्रशिक्षक अशा दोन्ही नात्यांनी हे साधणारा तो झागालो आणि बेकेनबाउअर यांच्यानंतरचा तिसराच.

आपल्याला पाणक्याचं मोठेपण कोणी शिकवायला नको. पैठणला एकनाथांच्या घरी श्रीखंड्या कावडीने पाणी भरत होता आणि तो साक्षात देव होता, ही कथा लहानपणीच ऐकलेली असते. पण या कथेतली एक गोष्ट सहज निसटते. श्रीखंड्या आपणहून आला होता. नाथांनी त्याला ‘तू देव असलास तरी पाणीच भर’ असं सांगितलं नव्हतं.

प्रशिक्षक झालेल्या देशाँला मात्र हेच सांगावं लागलं. २०१८ च्या स्पर्धेत ऑलिव्हिए जिरू सातही सामने खेळला. आघाडीचा खेळाडू असून त्याचा एकही फटका गोलच्या दिशेने नेमका गेला नाही. बचावपटूंना अंगावर घ्यायचं आणि ग्रीझमन-एम्बापेला जागा मोकळी करून द्यायची, हे त्याचं काम. स्वतः पाणी वाहिलं म्हणून दुसऱ्याच्या खांद्यावर कावड ठेवण्याचा हक्क मिळतो का?

नुसत्या अनुभवाने मिळत नाही, असं मला वाटतं. सासुरवास सोसलेली प्रत्येक सासू सुनेशी चांगली वागतेच असं नाही. देशाँचं वेगळेपण असं की त्याने त्या कामाची किंमत मोजली. गोल होत नाही म्हणून जगभर टीका होत असताना पहिल्या सामन्यानंतर प्रत्येक वेळी त्याने जिरूला सुरुवातीपासून उतरवलं. सांगितलेलं काम तू केलंस, तर तुझी जागा पक्की, असा तो व्यवहार होता. विश्वविजेत्याचं पदकही जिरूला इतरांसारखंच मिळालं.

मी पीएचडीनंतर कराराने संशोधन करते. या जगात पाणक्यांची वाण नाही. उपकरणं चालती ठेवणारे, दुसऱ्याची आकडेवारी रात्र जागून तपासणारे, शोधनिबंधावर मधे कुठेतरी नाव येणारे, किंवा न येणारेही. ‘संघभावना ठेवा’ हे त्यांना सांगतो तो ज्याचं नाव शेवटी ठळक येणार असतं. त्यातही ज्याचा व्हिसा नोकरीला बांधलेला असतो त्याचा होकार कितपत खरा मानायचा? परदेशात राहणाऱ्या आपल्यातल्या अनेकांना हा प्रश्न ओळखीचा असेल. ‘तुम्ही भारतीय फार कष्टाळू’ ही शाबासकी पुष्कळदा त्याच्याच जोडीने येते.

म्हणून नम्रतेचं कौतुक करण्याआधी दोन गोष्टी विचाराव्यात. वाहणाऱ्याला नाही म्हणता येत होतं का? आणि पाणी प्यायलेल्यांनी त्याचा वाटा त्याला दिला का? देशाँच्या संघाबाबत दुसऱ्याचं उत्तर बऱ्याच अंशी होय असं देता येतं. आज आपल्यापैकी काहीजण स्वतः माणसं नेमण्याच्या जागी पोचले आहेत. तिथे हे प्रश्न आपल्यालाही लागू होतात.