न मागितलेले वचन

घरात कुत्र्याचे पिल्लू येण्यापूर्वी आई-वडील आणि मुले यांच्यात एक छोटासा करार होतो. मुलांनी हट्ट धरलेला असतो आणि मोठ्यांचा नकार हळूहळू सैल पडत आलेला असतो. शेवटी वडील विचारतात, "त्याचं सगळं तू करशील ना?" सात-आठ वर्षांचे मूल क्षणाचाही विलंब न लावता 'हो' म्हणते. या होकाराला फारशी किंमत नसते, हे विचारणाऱ्यालाही ठाऊक असते. परंतु त्याहून मोठी उणीव आपल्या सहसा लक्षात येत नाही. वचन देणारे मूल आणि वचन घेणारे वडील या दोघांव्यतिरिक्त एक तिसरा पक्ष या करारात गुंतलेला असतो. त्याच्या उभ्या आयुष्याचा निर्णय येथे होत असतो, पण त्याने काही मागितलेले नसते आणि त्याला काही विचारलेलेही नसते.

भिलाईसारख्या वसाहतीत या प्रश्नाला एक वेगळी धार येते. हे नगर मुळात एका करारातूनच जन्माला आले. भारत आणि सोव्हिएत संघ यांच्यात १९५५ साली पोलाद कारखान्याचा करार झाला आणि ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले. देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून माणसे आली. त्यांत विदर्भातून आणि महाराष्ट्राच्या इतर भागांतून आलेली मराठी कुटुंबेही होती. सेक्टरांतल्या क्वार्टरांत त्यांचे संसार उभे राहिले. मात्र क्वार्टर हे नोकरीबरोबर मिळालेले घर. नोकरी संपली की बहुतेकांना ते सोडावे लागते. कुत्रा दहा-बारा, क्वचित पंधरा वर्षे जगतो. तेव्हा अशा घरात पिल्लू आणताना एक साधी वजाबाकी करावी लागते : नोकरीची किती वर्षे उरली आणि या जिवाची किती? निवृत्तीनंतर नागपूरच्या तिसऱ्या मजल्यावरच्या सदनिकेत किंवा मुलाच्या पुण्यातल्या भाड्याच्या घरात त्याला जागा असेल काय? ही वजाबाकी मुलाने करावयाची नसते. त्याच्या 'हो'मध्ये ती मावतच नाही.

पिल्लाच्या गरजाही मुलाच्या कल्पनेतल्या नसतात. केंद्र सरकारच्या २०१७ च्या नियमांनुसार आठ आठवड्यांहून लहान पिल्लू विकता येत नाही. त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. आईच्या आणि भावंडांच्या सहवासात पिल्लू चावण्याचे प्रमाण शिकते. भावंडाला जोरात चावले की ते किंचाळते, खेळ थांबतो, आणि दातांना मर्यादा असते हे पिल्लाला उमगते. पहिल्या तीन-साडेतीन महिन्यांत त्याने जे आवाज ऐकले, जी माणसे पाहिली, जे स्पर्श अनुभवले, त्यांवर त्याचे पुढचे धीट किंवा भित्रे होणे पुष्कळसे अवलंबून असते. दिवसाचा बराच मोठा भाग त्याला झोप लागते. मुलाला नेमके तेव्हाच खेळायचे असते. दुधाचे दात पडून नवे येईपर्यंत त्याच्या हिरड्या शिवशिवतात. शाळेचे बूट, पाण्याची नळी, कूलरची वायर, सारे त्याला सारखेच प्रिय. कारखाना तीन पाळ्यांत चालतो. रात्रपाळी करून आलेला माणूस सकाळी पडदे ओढून झोपतो, आणि पिल्लाला तर त्याच वेळी भुंकावेसे वाटते. मे महिन्यात दुपारी डांबरी रस्त्यावर त्याला फिरायला नेणे म्हणजे त्याचे तळवे पोळणे. या साऱ्याचे भान ठेवणारे कोणी तरी घरात लागते, आणि ते मूल असू शकत नाही. वास्तविक, त्या घरात आता दोन बालके असतात. एकमेकांचे कान आणि शेपटी ओढणारी, एकमेकांना नखे लावणारी, आणि स्वतःच्या बळाचा अंदाज नसलेली.

येथेच नीतीचा खरा प्रश्न सुरू होतो. मुलांना जबाबदारी कळावी, भूतदया अंगी बाणावी म्हणून पिल्लू आणावे, असे म्हटले जाते. या म्हणण्याला मोठा आधारही आहे. जर्मन तत्त्वज्ञ कांट याचे मत असे की, प्राण्यांविषयीचे आपले कर्तव्य प्रत्यक्ष नसते. जो प्राण्यांशी क्रूर होतो तो माणसांशीही कठोर होत जातो, म्हणून प्राण्यांशी दयेने वागावयाचे. मत समंजस आहे, पण त्यात पिल्लू हे केवळ एक पाठ्यपुस्तक ठरते. पाठ्यपुस्तक संपले की रद्दीत जाते. ज्या घरात पिल्लू 'मुलांसाठी' आणले जाते, तेथे मुलांचे मन सायकलीकडे वळले की पिल्लू साखळीला बांधले जाते, ते याच तर्काने. मुलाने अशा वेळी कोणता धडा घेतला? दुबळ्याचे स्थान आपल्या लहरीवर टिकून असते, हाच.

आपल्या परंपरेत या प्रश्नाचे एक वेगळे दर्शन आहे. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिराबरोबर चालणारा कुत्रा सर्वांच्या परिचयाचा. पण आदिपर्वाच्या आरंभीचे पिल्लू आपण विसरतो. जनमेजय आपल्या भावांसह कुरुक्षेत्री सत्र करीत असता देवशुनी सरमा हिचे पिल्लू तेथे येते. जनमेजयाचे भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जाते. सरमा आधी त्यालाच विचारते : तू काही अपराध केला असशील. पिल्लू सांगते, मी हविर्द्रव्याकडे पाहिलेही नाही, ते चाटलेही नाही. मग ती यज्ञस्थळी जाऊन जाब विचारते. कोणी उत्तर देत नाही. तेव्हा ती शाप देते की, निरपराध्याला मारल्यामुळे न दिसणारे भय तुम्हांवर येईल.

या कथेत दोन गोष्टी लक्षणीय आहेत. एक, कुत्रीने आपल्या लेकराचीही आधी चौकशी केली. राजपुत्रांनी तेवढेही केले नाही. दुसरी, मार बसल्याबरोबर शाप आलेला नाही. विचारले असता मोठी माणसे गप्प राहिली, तेव्हा तो आला. एवढ्या मोठ्या कुलकथेच्या दाराशी व्यासांनी एक मार खाल्लेले पिल्लू बसवून ठेवले आहे. ज्याच्याकडून आपल्याला कसलाही धोका नाही, त्याच्याशी आपण कसे वागतो, हे आधी विचारले जाते. राज्याचे प्रश्न नंतर.

मोठ्यांच्या या मौनाचे एक आधुनिक उदाहरण भिलाईच्या जन्मकाळातलेच आहे. सोव्हिएत अभियंते येथे पहिली झोतभट्टी उभारीत असताना, ३ नोव्हेंबर १९५७ रोजी त्यांच्या देशाने लायका नावाची कुत्री अंतराळात पाठवली. मॉस्कोच्या रस्त्यावरून उचललेली ही कुत्री परत येणार नव्हती. परतीची सोयच केलेली नव्हती. उड्डाणापूर्वी व्लादिमिर याझ्दोव्स्की या शास्त्रज्ञाने तिला एकदा आपल्या घरी, मुलांशी खेळायला नेले. तिच्यासाठी काही चांगले करावे, असे त्याला वाटले होते. उड्डाणानंतर काही तासांतच ती उष्णतेने मेली, हे जगाला २००२ साली कळले. त्या घरातल्या मुलांनी नंतर काय विचारले असेल, याची कल्पनाच करावी लागते. याझ्दोव्स्की दुष्ट नव्हता. त्याला तिच्याविषयी माया होती. पण वचनाविना माया किती अपुरी असते, याचे याहून बोलके उदाहरण सापडणे कठीण.

आता पुन्हा आपल्या क्वार्टरात येऊ. समजा, खेळता खेळता पिल्लाचा दात मुलाच्या बोटाला लागला. योग्य काय ते वादातीत आहे : जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवावी आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे, कारण रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, आणि वेळेवर घेतलेली लस मात्र त्याला वाचवते. पण मूल सांगेल का? "चावलं तर दुसऱ्या दिवशी सोडून येईन," असे त्याने घरात ऐकलेले असेल, तर ते ओरखडा बाहीखाली लपवील. आपल्या मित्राला वाचवण्यासाठी ते खोटे बोलेल, आणि त्या खोट्याची किंमत प्राणाची असू शकेल. त्याच्यापुढे प्रेम आणि सत्य यांतले एक निवडण्याची पाळी आणली कोणी? पिल्लाने नव्हे. मोठ्यांच्या सशर्त स्वीकाराने ती आणली.

म्हणून पिल्लाचे वचन मुलाकडून घ्यावयाचे नसून मोठ्यांनी ते द्यावयाचे असते, आणि मुलाच्या देखत द्यावयाचे असते. लस वेळेवर टोचली जाईल, खाताना आणि झोपेत त्याला कोणी छेडणार नाही, लहान मूल आणि पिल्लू यांना एकटे सोडले जाणार नाही, आणि बदली, निवृत्ती, नवे बाळ, यांपैकी काहीही आले तरी त्याची व्यवस्था आधी ठरेल, मग सामान बांधले जाईल. मुलाने वाटीत पाणी भरावे, त्याचे अंग पुसावे. तो त्याचा आनंदाचा वाटा. भार मात्र मोठ्यांचा. हे वचन देता येत नसेल, तर हट्टाला ठाम नकार देणे हेही प्रेमच आहे. रडून झोपी गेलेले मूल सकाळी सावरते; रस्त्यावर सोडलेल्या पिल्लाला तशी सकाळ मिळत नाही.

आपण दिलेली बहुतेक वचने पाळतो, कारण समोरचा माणूस जाब विचारू शकतो. पिल्लाला ते जमत नाही, आणि त्याच्यासाठी जाब विचारायला सरमाही येत नाही. अशा मुक्या जिवाला दिलेला शब्द घरातली मोठी माणसे वर्षानुवर्षे पाळताना मूल पाहत असते. नीतीचे शिक्षण म्हणतात ते याहून निराळे असेल असे वाटत नाही. उद्या ते मूल मोठे होईल, त्याच्या हाती काही सत्ता येईल, आणि त्याच्यापुढे जाब विचारू न शकणारी माणसे उभी असतील.