थांबलेल्या गळ्याचं गाणं

धान घरात आलं की पूर्व विदर्भातल्या आमच्या झाडीपट्टीत नाटकांचा मोसम लागतो. दिवाळीनंतर मंडईच्या, म्हणजे गावच्या जत्रेच्या, निमित्तानं सुरू झालेली नाटकं होळीपर्यंत चालतात. वडशाच्या नाटक कंपन्या रोज नव्या गावात उतरतात. रात्री दहा-साडेदहाला पडदा वर जातो आणि उजाडायला लागलं की खाली येतो. ऑर्गन, तबला, अलीकडे ऑक्टोपॅड, सगळं स्टेजलगत. नटी स्वतः गाते, तिला मागून कुणी गळा उसना देत नाही. वन्समोअर आला की तेच पद ती पुन्हा घेते, पण ते तसंच येत नाही. दवानं गळा धरला असेल तर पट्टी खाली उतरते, आणि बैठक रंगली असेल तर तबलजीकडे बघून ती एखादी जागा लांबवते. ऑर्गनवाला तिच्या मागे मागे जातो.

चंद्रपुरातल्या कुणी मला विचारलं की हे जॅझ जॅझ म्हणजे असतं काय, तर मी त्याला रेकॉर्ड ऐकवणार नाही. अशा एका रात्री नाटकाला नेईन. चाल वेगळी, वाद्यं वेगळी, देश वेगळा, पण गाण्याचा सांगाडा ठरलेला आणि मांस रोज नवं चढायचं, ही गोष्ट दोन्हीकडे एकच.

मग प्रश्न असा, की रोज नव्यानं घडणारं गाणं, गाणारी थांबली तर राहतं कुठे?

कोंकणी गायिका लॉर्ना कोर्देरोमुळे हा प्रश्न माझ्या डोक्यात शिरला. जन्म 1946चा, मुंबईतला. घराणं गोव्याचं. त्या काळच्या मुंबईत जॅझ ही नवलाई राहिलेली नव्हती. 1935मध्ये लिऑन अ‍ॅबीचा आफ्रिकी-अमेरिकी वाद्यवृंद ताजमहाल हॉटेलात वाजून गेला होता आणि ते ऐकून कान तयार झालेले वादक बहुतेक गोव्याचे होते. चर्चच्या शाळेत लहानपणीच स्वरलिपी वाचायला शिकलेली ही मंडळी दिवसा हिंदी सिनेमाच्या रेकॉर्डिंगला आणि रात्री हॉटेलात वाजवत. मडगावचा ख्रिस पेरी त्यांतलाच. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन दोन्ही हाती असलेला, स्वतः गाणी बांधणारा, आणि शिस्तीला कडक. त्यानं लॉर्नाचा आवाज हेरला तेव्हा ती जेमतेम वयात आलेली मुलगी होती. नाइटक्लबांतून ती इंग्रजी गाणी गायची, ख्रिस तिच्यासाठी कोंकणी गाणी रचायचा. ती गाणी शुद्ध जॅझ नव्हेत असं कुणी म्हणेल. खरंच आहे, त्यांत स्विंग आहे, चा-चा-चा आहे, गोव्याचं घर आहे. पण फुंकवाद्यांच्या भिंतीवर आवाज टेकवून गायची ती रीत जॅझवाल्यांचीच. शुद्धतेची चौकशी आपण झाडीपट्टीच्या दंडारीत, त्या लोकनाट्यात, तरी कुठे करतो?

‘बेबदो’, ‘पिसो’, ‘लिस्बोआ’. बेबदो म्हणजे दारुडा. हे गाणं कागदावर वाचलं तर दारुड्याची चेष्टा एवढंच दिसेल. लॉर्नाच्या जाड, किंचित खरखरीत आवाजात मात्र त्या चेष्टेला घरच्या बाईचा संताप चिकटतो. तो संताप ख्रिसच्या स्वरलिपीत लिहिलेला नसणार. स्वर लिहिता येतात, खरखर कशी लिहिणार?

सत्तरच्या दशकात दोघांची साथ सुटली आणि लॉर्ना गायची थांबली. त्यामागच्या कहाण्या पुष्कळ सांगितल्या जातात, मला त्यांत शिरायचं नाही. ती वीसेक वर्षं गप्प होती, एवढं पुरे.

आता त्या वीस वर्षांत तिचं गाणं कुठे होतं ते बघू. ख्रिसच्या कागदांत होतं, पण अर्धंच. उरलेलं तबकडीत होतं. तबकडी म्हणजे काय? कोण्या एका दिवशी, माइकपुढे उभं राहून, तीनेक मिनिटांत बसवलेला एक प्रयोग. सिनेमाच्या गाण्यात रेकॉर्ड हेच मूळ असतं, बाकी सगळ्या नकला. क्लबातल्या गायिकेचं उलट आहे. शेकडो रात्रींतली एक रात्र तबकडीत अडकली, बाकीच्या निघून गेल्या. गोव्यातल्या लग्नांतून, बारमधून, घराघरांतून ती एकच रात्र पुन्हा पुन्हा वाजत राहिली.

आणि इथे माझं मन अडतं. त्या तबकडीचे उपकार मानावेत की तिच्यावर रागवावं? ऐकणाऱ्यांना लॉर्ना हवी तेव्हा मिळत होती, पंचविशीतली, पूर्ण ताकदीची. सुई टेकवली की हजर. मग ती स्वतः कुठे आहे, गात का नाही, हे विचारायची निकड कुणाला वाटणार? आवाज इतका नीट जपला गेला की आवाजाच्या धनिणीवाचून कुणाचं अडलं नाही. झाडीपट्टीत असं होत नाही. एखादी नटी मोसमात दिसली नाही, तर नाटक ठरवायला आलेली गावची पोरं आधी तिचंच विचारतात: यंदा बाई आहेत का कंपनीत? नसल्या तर दुसऱ्या कंपनीकडे जातात. तिच्या गाण्याची दुसरी प्रत कुठेच नसते, म्हणून ती हवी असते.

पण ही बाजू फार ताणता येत नाही. 1995मध्ये संगीतकार रॉनी मोन्सेरातनं लॉर्नाला पुन्हा उभं केलं. ती गोव्यात मंचावर आली तेव्हा लोटलेल्या गर्दीत अशी कितीतरी पोरं असणार, जी तिनं गाणं सोडल्यावर जन्मली होती. शब्द त्यांना पाठ. ते कुणी शिकवले? त्याच तबकडीनं. प्रत नसती तर एकोणपन्नास वर्षांच्या गायिकेची वाट पाहणारं तिथे कोण उरलं असतं? पुढे 2014मध्ये बार्डरॉय बार्रेटो यांनी या दोघांच्या आयुष्यावरून ‘नाचूंया कुंपासार’ हा सिनेमा काढला, त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. कुंपास म्हणजे ताल.

आमच्याकडे असं वीस वर्षांनी परतणं जमलेलं मला आठवत नाही. 2023मध्ये कुरखेडा तालुक्यातल्या गुरनोलीच्या झाडीपट्टी नट परशुराम खुणे यांना पद्मश्री मिळाली तेव्हा सगळी झाडी हरखली. त्यांच्यामागे तरी हजारो रात्रींची सलग हजेरी होती. मध्येच थांबलेल्या गळ्याला आमच्या मातीत जागा राखून ठेवणारं काही नव्हतं.

नव्हतं म्हणतोय, कारण आता आहे. परवाच्या नाटकात नटीनं पद धरलं आणि पुढच्या चार रांगांतून मोबाईल वर झाले. वन्समोअरचा गलका नेहमीपेक्षा कमी वाटला. हात गुंतलेले होते, म्हणून असेल. सकाळी चंद्रपूरच्या एसटीत माझ्या मागच्या सीटवर एक पोरगा तेच पद फोनवर लावून बसला होता, ऑर्गन फाटलेला, शिट्ट्या मध्ये मध्ये. मूलपर्यंत त्यानं ते सहा वेळा ऐकलं. आणि ती बाई त्या वेळी कंपनीच्या गाडीत, मेकअपच्या ट्रंकेला टेकून, पुढच्या गावापर्यंत झोप काढत असेल.