आधी सावली मोजा, मग गळे काढा

पोरांनो, चाळिशी ओलांडलीत, अहिल्यानगरच्या सावेडीत फ्लॅट घेतलेत, सोसायटीचे चेअरमन-सेक्रेटरी झालात, म्हणून तुमचा कान धरायचा नाही असं कुठे लिहिलंय? लिफ्ट, पाण्याची मोटर आणि जिन्यातले दिवे यांचं लाईटबिल वाढलं की प्रत्येक मीटिंगमध्ये बोंब मारता. आणि डोक्यावरची गच्ची? तिथे मोडक्या खुर्च्या आणि गंजलेल्या डिश!

"सोलर म्हणजे बंगलेवाल्यांचं काम" म्हणे. पीएम सूर्यघर योजना 2024 मध्ये आली. तिच्यात सोसायटीच्या सामायिक वापरासाठी किलोवॉटमागे 18,000 रुपये अनुदान आहे, तेही 500 किलोवॉटपर्यंत. एका किलोवॉटला साधारण शंभर चौरस फूट जागा लागते आणि दिवसाला सरासरी चार युनिट मिळतात. दहा किलोवॉटचा गुणाकार तरी येतो ना? महिन्याला बाराशे युनिट आणि अनुदान 1,80,000 रुपये. दुपारची जादा वीज नेट मीटरमधून महावितरणकडे जाते आणि बिलातून वजा होते. पण तळमजल्यावरचा म्हणतो, मी लिफ्ट वापरत नाही. वरच्या मजल्यावरचा म्हणतो, गच्ची माझ्या डोक्यावर आहे. ठराव मात्र कुणी मांडत नाही.

शिर्डीच्या प्रसादालयात 2009 साली 73 सौर डिश बसल्या आणि त्यांच्या वाफेवर भक्तांचं जेवण शिजू लागलं. सौर कृषी वाहिनीच्या प्रयोगासाठी 2017 मध्ये आपल्याच जिल्ह्यातलं राळेगणसिद्धी निवडलं गेलं. तुम्हाला मात्र एका गच्चीवर एकमत करता येत नाही!

आणि जे उत्साही आहेत, त्यांचंही ऐका. दहावीत एकसर जोडणी शिकवली, ती काय मार्कांपुरती? रांगेतली पॅनल एकसर जोडतात. एकावर टाकीची सावली पडली की रांगेचीच वीज घटते. ठेकेदार मे महिन्यात येतो, टाकीच्या उत्तरेची जागा दाखवतो आणि तुम्ही नंदीबैलासारख्या माना डोलावता. अरे, मेच्या मध्यावर आपल्याकडे भर दुपारी सूर्य थेट डोक्यावर असतो. तेव्हा सावली दिसेल कशी? तीच दहा फुटी टाकी डिसेंबरात दुपारी बारा-साडेबाराला उत्तरेकडे नऊ फूट सावली टाकते. सकाळी आणि चारनंतर त्याहून लांब.

"लाईट गेली की सोलरही बंद, मग उपयोग काय?" हा प्रश्न विचारणाऱ्यानं उभं राहावं. इन्व्हर्टर मुद्दाम बंद होतो. तुमची वीज तारेत शिरली तर खांबावर चढलेला वायरमन जिवाला मुकेल. लाईट गेल्यावरही वीज हवी असेल तर बॅटरीचा खर्च वेगळा धरा, आणि तो आधीच सगळ्यांना सांगा. नंतर कुरकुर नको.

आता गृहपाठ. सेक्रेटरीनं कॉमन मीटरची बारा महिन्यांची बिलं काढायची आणि युनिटांची बेरीज करायची. गच्चीवरचं भंगार रविवारपर्यंत खाली आलं पाहिजे. टाकी, जिन्याची खोली आणि शेजारची इमारत यांची उंची मोजून डिसेंबरची सावली कागदावर काढायची. हे झाल्यावरच तीन ठेकेदारांची दरपत्रकं मागवायची आणि सर्वसाधारण सभेत ठराव घालायचा. ज्यानं यातलं काहीच केलं नाही, त्यानं पुढच्या मीटिंगला लाईटबिलाचा विषय काढायचा नाही. बसा खाली.