मूळ प्रत पाहिली

बँकेत माझ्या टेबलावर एक रबरी शिक्का आहे : ‘मूळ प्रत पाहून पडताळली’. दिवसाकाठी चाळीस-पन्नास झेरॉक्सवर मी तो उमटवतो. खरे सांगायचे तर त्यातल्या काहींची मूळ प्रत मी पाहिलेली नसते. एखादे ओळखीचे गृहस्थ म्हणतात, “साहेब, मूळ कागद घरी राहिला हो!” मी त्यांच्या तोंडाकडे पाहतो आणि शिक्का मारतो. तोंड तरी मूळच असते! बी.कॉम.च्या ऑडिटिंगच्या पेपरात अशा प्रकारांना मी गंभीर चूक म्हटले होते आणि गुणही मिळवले होते. गुण मिळवण्यापुरती नीती आपल्या सर्वांकडे असते.

हे सारे आठवायला कारण झाली एक मोटार. लांबी अठरा सेंटिमीटर.

सौ.चा भाऊ जर्मनीत नोकरीला असतो. भाचीसाठी त्याने ‘ऑडी क्वाट्रो’ या जुन्या रॅलीच्या गाडीचे सुटे भाग भरलेले खोके आणले. खरी गाडी सुमारे ४.४ मीटर लांब. ही तिच्या चोविसाव्या हिश्शाची. सुटे भाग डिंकाने जोडायचे. ऑफिसात मी सहज म्हणालो, “सध्या घरी रॅलीचं काम चाललंय.” युनियनचे सरचिटणीस लगबगीने जवळ आले आणि म्हणाले, “मागण्या काय आहेत?”

या गाडीची हकीगत मोठी गमतीची आहे. १९७७ साली ऑडीची मंडळी फिनलंडच्या बर्फात गाड्यांची चाचणी घेत होती. बरोबर इल्टिस नावाचे एक लष्करी वाहन होते. ओबडधोबड, ताकद बेताची. पण बर्फात त्याने भल्याभल्या गाड्यांना मागे टाकले. त्याची चारही चाके जोर लावत. इतरांची दोन जोर लावत आणि दोन नुसती बरोबर येत. (आमच्या शाखेत हेच प्रमाण आहे.) यॉर्ग बेन्सिंगर या अभियंत्याच्या हे मनात भरले, आणि मार्च १९८० मध्ये जिनिव्हाच्या प्रदर्शनात क्वाट्रो अवतरली. पुढल्याच वर्षी मिशेल मूटन या फ्रेंच बाईने ती चालवून इटलीतली सान रेमो रॅली जिंकली. शेजारी वाट सांगायला फाब्रिझिया पोन्स. जागतिक अजिंक्यपदाच्या मालिकेतली रॅली जिंकणारी मूटन ही पहिली स्त्री. “शेजारी बसलेल्या बाईचं ऐकलं की असं होतं,” सौ. म्हणाली. मी विषय बदलला.

काम कन्येचे, मी फक्त ‘दाखवणार’ होतो. दाखवता दाखवता आसने मी बसवली, काचा मी लावल्या, आणि चारपैकी तीन चाकेही माझ्याच हातून बसली. चौथे चाक कन्येने हट्टाने बसवले. ते किंचित तिरपे बसले.

मग मी चिखल केला. सान रेमोच्या रॅलीत तेव्हा डांबरी रस्त्यांबरोबर कच्चे रस्तेही असत, म्हणून दिवाळीचा उरलेला गेरू डिंकात कालवून ब्रश सरसावला. कन्या म्हणाली, “बाबा, ही गाडी तर घराबाहेरसुद्धा गेली नाही. मग चिखल कुठून लागला?”

“अगं, खऱ्या गाडीला लागला होता ना!”

“पण तो तिने लावून घेतला होता. आपण ब्रशने लावतोय.”

मी गप्प बसलो. वीस वर्षांच्या नोकरीत इतका नेमका आक्षेप एकाही ऑडिटरने घेतला नव्हता.

रात्री अंथरुणावर विचार करू लागलो. नक्कल म्हणजे खोटेपणा का? तसे असेल तर देवघरातली मूर्ती, भिंतीवरचा आजोबांचा फोटो, सारेच बाद होईल. नाही, नक्कल बिचारी ‘मी नक्कल आहे’ असे उघड सांगत असते. गेरूच्या चिखलात पाप नाही. पाप सुरू होते ते खाली सही करताना. चिखल दुसऱ्याने तुडवायचा आणि पाय आपले दाखवायचे, तिथे. आणि सह्या हाच तर माझा धंदा!

दुसऱ्याच दिवशी परीक्षा आली. शाळेच्या हस्तकला प्रदर्शनाचा अर्ज कन्येने पुढे केला. त्यावर छापले होते : ‘ही वस्तू विद्यार्थ्याने स्वतः तयार केली आहे.’ खाली पालकांची सही. हात सवयीने पुढे गेला; शिक्का असता तर मारूनही मोकळा झालो असतो. कन्या माझ्याकडे बघत होती. तिला आता ठरवायचे होते, की मोठ्या माणसांची सही म्हणजे नेमके काय असते.

पेन तिच्या हाती दिले. छापील ओळीखाली तिने लिहिले : ‘एक चाक मी बसवले. बाकी बाबांनी. चिखल गेरूचा आहे.’ त्याखाली मी सही केली. बऱ्याच दिवसांनी मूळ प्रत पाहून केलेली!

बक्षीस मिळाले नाही. एका परीक्षकांनी “ते एक चाक तिरपं आहे” एवढे मात्र सांगितले.

गाडी आता आमच्या शोकेसमध्ये आहे. पाहुणे आले की ते चाक सरळ करायला माझे हात शिवशिवतात. पण मी आवरतो. बाकी सगळी गाडी जर्मनीतल्या गाडीची नक्कल आहे. मूळ प्रत म्हणावी असे तिच्यात तेवढे एकच चाक आहे.