भांडं घरचं, माप बाजारचं

घरी बिअर करणाऱ्या अमेरिकन माणसाच्या गॅरेजमध्ये सुटीच्या सकाळी डोकावलं, तर मद्याचा कारखाना वाटावा असं काहीच दिसत नाही. सहलीला थंड सरबत न्यायचा नारिंगी कुलर, टर्की तळायची गॅसची शेगडी, तांब्याच्या नळीचं वेटोळं, झाकणाची प्लास्टिकची बादली. कुलरच्या तळाशी गाळणी म्हणून गीझरच्या लवचिक नळीवरचं विणलेलं स्टीलचं वेष्टण सोलून बसवलेलं. याच कामाची बटणावर चालणारी चकचकीत यंत्रं बाजारात मिळतात. तरी पुष्कळ जण जुळवाजुळवीलाच चिकटून राहतात. काटकसर म्हणावी तर तीही फारशी नाही. तोट्या, वायसर, गॅस आणि मुख्य म्हणजे सुटीचा अख्खा दिवस हिशेबात धरला, तर दुकानातली बिअर स्वस्त पडते.

मला यातलं कारण वेगळं दिसतं. साधन स्वतः जोडायचं तर आधी ते नेमकं कशासाठी हवं आहे, हे विचारावं लागतं. बिअरच्या पहिल्या टप्प्यात मोड आणून वाळवलेलं, भरड दळलेलं सातू ६५ ते ६८ अंश सेल्सिअसच्या पाण्यात तासभर ठेवायचं असतं. मोड येताना दाण्यात तयार झालेली विकरं तेवढ्या वेळात पिठुळाची साखर करतात. नाचणीला मोड आणून सत्त्व करणाऱ्या आपल्या आयाबायांना यातला अर्धा भाग न सांगता कळेल. मोडाच्या पिठाची लापशी पातळ होते ती याच विकरांमुळे. म्हणजे या टप्प्यावर भांड्याचं काम एकच, ऊब धरून ठेवणं. ते कुलरला उत्तम जमतं. फक्त गार कुलर सुरुवातीलाच दोन-चार अंश गिळून टाकतो, म्हणून तो आधी गरम पाण्याने शेकून घ्यायचा. यंत्र विकत घेणाऱ्याला ही गोष्ट सहसा माहीतच नसते, कारण यंत्र ती त्याच्या वतीने निस्तरतं.

पुढे गोड पाणी गाळून घ्यायचं, हॉप्सची वाळलेली फुलं घालून तासभर उकळायचं आणि झपाट्याने गार करायचं. तांब्याचं वेटोळं इथे कामी येतं. ते शेवटची पंधरा मिनिटं उकळत्या रसात सोडलं की निर्जंतुक होतं, मग त्यातून नळाचं थंड पाणी खेळवायचं. रस वीस अंशांच्या आसपास आला की यीस्ट टाकायचं. उरलेला दिवस भांडी घासण्यात जातो. कुठलंही पुस्तक या भागाला पुरेशी पानं देत नाही.

जुळवाजुळवीला एक इतिहासही आहे. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेत बिअरचे कारखाने शंभराच्या आत उरले होते आणि त्यांची सामग्री अवाढव्य मापाची होती. छोट्या माणसाजोगं यंत्र कोणी बनवतच नव्हतं. नौदलात असताना स्कॉटलंडमध्ये ‘एल’ या बिअरच्या प्रकाराची चव लागलेल्या जॅक मॅकऑलिफने १९७६मध्ये कॅलिफोर्नियात न्यू अल्बियन ही ब्रुअरी काढली, ती कोकाकोलाच्या सिरपच्या पिंपांना झाळकाम करून. घरी बिअर करत करत या धंद्यात आलेल्या केन ग्रॉसमनने १९८०मध्ये सिएरा नेवाडा सुरू केली, तेव्हा त्याने दुग्धशाळांची जुनी भांडी वापरली. न्यू अल्बियन १९८२मध्ये बंद पडली. पण आज त्या देशात नऊ हजारांहून अधिक ब्रुअरीज आहेत.

या यशाने भुलून सगळंच घरी करता येतं असं मात्र समजू नये. जस्ताचा मुलामा दिलेलं भांडं आम्लधर्मी रसाला चालत नाही. बिअरचं स्टीलचं पिंप, म्हणजे केग, कापून पातेलं करायची फार चाल आहे, पण दुकानदाराकडे ठेवलेली अनामत म्हणजे केगची किंमत नव्हे. तो केग ब्रुअरीचाच असतो आणि न परतवणं ही चोरी.

त्याहून मोठी मर्यादा मापाची आहे. पाणी ६७ऐवजी ७५ अंशांवर राहिलं, तर साखर करणारं एक महत्त्वाचं विकर लवकर निकामी होतं आणि बिअर जड, गोडसर, कमी अल्कोहोलची होते. रसाची विशिष्ट घनता १.०५०वरून १.०१२वर आली की सुमारे पाच टक्के अल्कोहोल झालं असं समजतात. ती स्थिरावण्याआधीच बाटल्या भरल्या तर त्या फुटतात. इथे अंदाज उपयोगाचा नाही. उष्णता आणि यांत्रिक कार्य यांचं नातं मोजणारा जेम्स जूल सॅल्फर्डच्या ब्रुअरीवाल्या घरातला. तापमानातले अतिसूक्ष्म फरक वाचण्याची त्याची हातोटी त्या धंद्यातून आली, असं काही इतिहासकार मानतात. मला ते पटतं.

घरी काय चालेल आणि काय नाही, असा विचार कायदाही बहुधा करतो. ब्रिटनने १९६३मध्ये घरच्या बिअरवरचा परवाना काढून टाकला. अमेरिकेत राष्ट्राध्यक्ष कार्टर यांनी १९७८मध्ये सही केलेल्या कायद्याने दोन प्रौढांच्या घराला वर्षाला २०० गॅलनची करमुक्त मुभा मिळाली; विक्रीची नाही. घरी दारू गाळण्याची सूट मात्र त्या कायद्याने दिली नाही. बिअर बिघडली तर आंबट होते. भट्टी बिघडली तर आग लागते. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा दोन्ही एकाच पोत्यात भरतो: परवान्याशिवाय काहीही करणं गुन्हा. २०१५मध्ये मुंबईत मालवणीला शंभरावर माणसं दगावली ती मिथेनॉलने, बादलीत आंबवलेल्या सातूने नव्हे. हा फरक कायद्याने करावा, असं माझं मत आहे. तोवर इथे कोणी हा उद्योग करू नये.

पण जिथे परवानगी आहे, अशा ठिकाणच्या मराठी वाचकाला एक सांगतो. कुलरला तोटी स्वतः बसवा, तांब्याची नळी स्वतः वळवा. तापमापक आणि घनता मोजणारा हायड्रोमीटर मात्र चांगल्या दुकानातून आणा आणि वापरण्याआधी उकळत्या व साध्या पाण्यात तपासून घ्या.