पिल्लाची शिस्त आणि आपले शील

धम्म विहारातील वंदनेपुरता नसतो. तो घराच्या उंबऱ्याच्या आतही दिसला पाहिजे. म्हणून एक साधा प्रश्न विचारासाठी घेतो. घरात आणलेले कुत्र्याचे नवे पिल्लू ओसरीवर, फरशीवर घाण करते. मग कोणी त्याला बडवतो, कोणी त्याचे तोंड त्या घाणीत घासतो. ‘मारल्याशिवाय शिकत नाही’ असे वर म्हणतो. हे बौद्ध माणसाला शोभते काय?

काही बांधव म्हणतील, माणसांचे प्रश्न पडून असताना हे कुत्र्याचे काय घेऊन बसलात? हा आक्षेप हलका नाही. जेथे कुत्र्यामांजरांना मज्जाव नव्हता, तेथे अस्पृश्य माणसाला पाण्याचा घोट मिळत नव्हता. म्हणून १९२७ साली बाबासाहेबांना महाडला चवदार तळ्यावर जावे लागले. ‘कुत्रा’ ही शिवी आपल्या वाडवडिलांनी ऐकली आहे. परंतु त्या अन्यायाचा दोष कुत्र्याकडे नव्हता, तो माणसाकडे होता. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला दिलेल्या २२ प्रतिज्ञांत सर्व प्राणिमात्रांवर दया करण्याची प्रतिज्ञा आहे. ‘कुत्रा सोडून’ असे तिच्यापुढे जोडलेले नाही.

आता वस्तुस्थिती पाहू. दोन महिन्यांच्या पिल्लाला लघवी फार वेळ धरून ठेवता येत नाही. झोपून उठल्यावर, खाल्ल्यावर, खेळून झाल्यावर त्याला ती हमखास लागते. ते जमीन हुंगत गोल फिरू लागले की वेळ आली असे समजावे. तेव्हा त्याला उचलून परसात रोज एकाच जागी न्यावे. काम झाले की तेथल्या तेथे गोंजारावे, भाकरीचा तुकडा द्यावा. घरात घाण झालीच तर न ओरडता जागा स्वच्छ धुवावी. वास राहिला तर ते पुन्हा तेथेच जाते. काही पिल्ले थोड्या आठवड्यांत शिकतात, काहींना महिने लागतात. उलट, घाण करून बराच वेळ गेल्यावर मारले तर मार कशाचा हे त्याला कळतच नाही. ‘या माणसासमोर बसू नये’ एवढेच ते शिकते आणि पुढच्या वेळी खाटेखाली जाऊन बसते. घाण थांबत नाही, फक्त लपते.

येथेच खरा मुद्दा आहे. धाक दोष घालवीत नाही, दोष लपवायला शिकवतो. धाकावर उभी असलेली शिस्त आपण पिढ्यान्‌पिढ्या भोगली आहे. हाकेसरशी धावायचे आणि शिळ्या भाकरीवर समाधान मानायचे, याचेच नाव वतनदारी होते. आज आपल्या धाराशिव जिल्ह्यात असलेल्या कसबे तडवळे येथे १९४१ साली महार-मांग वतनदार परिषद भरली आणि तिला बाबासाहेब आले होते. ज्यांच्या पाठीवरून ती काठी उतरली, त्यांनी ती दुसऱ्या मुक्या पाठीवर ठेवावी काय?

आपण रोज वंदनेत बुद्धांना ‘पुरिसदम्मसारथी’ म्हणतो, म्हणजे माणसांना वळण लावणारा सारथी. अंगुत्तर निकायात केसी नावाच्या घोडे वळवणाऱ्याचा संवाद आहे. तो घोड्याला कधी मृदुतेने, कधी कठोरपणे, कधी दोन्हींनी वळवी. न वळला तर ठार करी. बुद्ध म्हणाले, मीही माणसांना असेच वळवतो. केसी चकित झाला. तेव्हा बुद्धांनी उलगडा केला. त्यांचा कठोरपणा म्हणजे वाईट कृत्याचे परिणाम स्पष्ट सांगणे, आणि वध म्हणजे त्या माणसाला उपदेश करणेच सोडून देणे. त्यात काठी कोठेच नाही.

मात्र एक भेद विसरू नये. पिल्लू शिकते ती सवय. तिला शील म्हणता येत नाही. १९३६ साली लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात बाबासाहेबांनी नियम आणि तत्त्व यांतला फरक दाखवला आहे. नियम सांगितल्याप्रमाणे पाळायचा असतो. तत्त्व विचार करून वापरायचे असते. पिल्लाला नियम पुरतो. आपल्या मुलाला पुरत नाही. मुलगा मारापोटी पंचशील पाळत असेल तर तो मार चुकवायला शिकला, शील शिकला नाही. शाळेतील छडीला २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने मनाई केली. घरातील छडीला मनाई आपणच करायची आहे. जनावरांना मारझोड करणे हाही १९६० च्या कायद्याने गुन्हाच आहे. पण बौद्धाने पोलिसाच्या भीतीने थांबावे हे पुरेसे नाही.

घरातील मुले सारे पाहत असतात. दुबळ्याशी, चुकणाऱ्याशी, बोलता न येणाऱ्याशी घरातली मोठी माणसे कशी वागतात, यावरून ती धम्म शिकतात. बाप पिल्लाला लाथ घालतो आणि संध्याकाळी करुणेचा पाठ देतो, तर मूल लाथच लक्षात ठेवते. तोच बाप रात्री उठून पिल्लाला परसात नेतो, फरशी मुकाट्याने पुसतो, तेव्हा वेगळ्या प्रवचनाची गरज उरत नाही.

आपल्या घरी शिस्त असावी. पण ती पाहून कोणी खाटेखाली लपू नये. जय भीम.